मासा कोठे शे?

भटू वाण्याचं फरसाणाचं दुकान बंद पडलं
तेव्हा त्याच्या शोकेसची काच मी उचलली, दीडशे रुपयांत,
पाच एमएमची, एका कोपऱ्याला टवका.
तीन दिवस व्हिनेगरनं पुसली
तरी उन्हात धरली की शेवेचा वास यायचाच.

दिवसभर मी पिग्मी गोळा करतो, अमळनेरभर,
दहा, वीस, पन्नास, सगळे दुसऱ्यांचे.
वहीच्या मागच्या पानावर मात्र माझं खातं:
सिलिकॉनची एक नळी. गन हिलालची, परत करायच्या बोलीवर.
हिलाल म्हणाला, पाणी भर, खाली पेपर अंथर,
सकाळी कागद खरं बोलेल.
सकाळी कागद एका ठिकाणी बोलला.
पुन्हा नळी. पुन्हा दोनशे दहा.

वाळू बोरी नदीची, फुकट.
म्हणजे अठरा बादल्या धुऊन फुकट,
आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत.
ज्योत्स्ना काही बोलली नाही,
गढूळ बादल्या उचलून तिनं शेवग्याला घातल्या.
वाळूखालची काळी माती तिच्या माहेरच्या कपाशीची,
पिठाच्या चाळणीनं चाळलेली.
ती चाळणी आता माझी आहे.

रोपं विकत घ्यायची तर जळगावला, काडीला चाळीस.
मी रविवारी मुडावदला गेलो,
पांझरा तापीला मिळते तिथं,
पँट गुडघ्यावर, पिशवी कमरेला,
आणि पट्टीसारखी लांब हिरवी पाती
मुळांसकट उपटून आणली.
नाव माहीत नव्हतं. अजून नाही.
बसमध्ये कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं,
कोणती भाजी?

मातीवर ताटली ठेवली, ताटलीवर तांब्यानं पाणी,
तापाच्या पोराला न्हाऊ घालतात तसं, हळू.
तरी चार दिवस नुसता चहा.
वर पत्र्याच्या डब्यात बारा वॅटचा बल्ब,
बाजूला बाटलीत साखर आणि यीस्ट,
आणि सलाइनची कोरी नळी, जी सिस्टरनं दिली
कशाला, हे न विचारता.

विचारायच्या त्या शेजारच्या सुभाबाई. रोज, दाराशी.
पानी दिखस, पाला दिखस. मासा कोठे शे?
आधी पाणी पिकू द्यावं लागतं, मी म्हणायचो, दीड महिना.
केया पिकतस, भाऊ. पानी कसं पिकी?

मग मे आला. चव्वेचाळीस. पंचेचाळीस.
दुपारी लाईट जायची, पंप मुका.
पाती आधी पिवळी, मग काचेसारखी, मग नाहीतच.
घरातलं बर्फ पाहुण्यांना नाही, पाल्याला:
गोठवलेली बाटली सकाळी एक, दुपारी एक,
ती विरघळते तेवढ्यात वसुली उरकून घरी.
शेवटी वहीत रेघ ओढली. बाराशे साठ.
रेघेखाली लिहिण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवारी ज्योत्स्नानं आत बोलावलं.
कुजलेल्या बुंध्याशी नखाएवढं पान,
आणि त्याच्या कडेवर एक बुडबुडा,
सुटू की नको करत बसलेला.
सुटला. वर गेला. त्याच जागी दुसरा.
काचेवर, जुन्या टवक्याजवळ,
मिरीएवढी गोगलगाय निघाली होती कुठंतरी,
कुणी न आणलेली.
वही काढली खरी,
पण जमेचा रकाना मी आखलेलाच नव्हता.

सुभाबाई आल्या. चष्मा काचेला टेकेपर्यंत वाकल्या.
मी उत्तर तयार ठेवलं.
त्यांनी पायानं स्टूल ओढलं,
आते काही आनू नको, म्हणाल्या,
जराखा बठ.

बाटली बदलायची वेळ झाली होती.
ती माझ्या हातात ठिबकत राहिली.